क्वार्टरबॅकची दुखापत घरबसल्या कशी ओळखावी

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा सगळा डोलारा क्वार्टरबॅक या एका माणसावर उभा असतो. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हाती येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवे पाडायला धावून येत असतात. असा माणूस पस्तिशी उलटल्यावरही खेळत राहिला, की चाहत्यांवर एक जादा जबाबदारी येऊन पडते. तो जायबंदी आहे की नाही, याचा निकाल त्यांना दर रविवारी द्यावा लागतो. न्यू जर्सीत राहून तिथल्या जेट्स संघाच्या नादी लागलेल्या मराठी मंडळींचीही यातून सुटका नाही. अशा सर्वांसाठी हे मार्गदर्शन. साहित्य फारसे लागत नाही: टीव्ही, एकच फेक पुन्हा पुन्हा दाखवणारा रिमोट आणि ठाम आवाज. शरीरशास्त्राचे ज्ञान असल्यास ते बाजूला ठेवावे, त्याने निदानाला उशीर होतो.

पहिली पायरी यादीची. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या नियमाप्रमाणे प्रत्येक संघाला सामन्याआधी दुखापतींची यादी जाहीर करावी लागते. कोणी पूर्ण सराव केला, कोणी अर्धवट केला, कोणी केलाच नाही, हे तीत असते. आतली बातमी फक्त सट्टा खेळणाऱ्यांच्या कानी पडू नये, हा त्यामागचा एक हेतू. यादी वाचण्याची रीत सोपी आहे. खेळाडूने पूर्ण सराव केला असेल, तर संघ काहीतरी लपवतो आहे. अर्धवट केला असेल, तर दुखापत सांगतात त्याहून गंभीर आहे. विश्रांती दिली असेल, तर कारकीर्द संपली. आणि यादीत नावच नसेल, तर प्रकरण फारच हाताबाहेर गेले आहे. कोणत्याही नोंदीवरून एकाच निष्कर्षाला पोचता येणे हे या पद्धतीचे बळ आहे.

यावर कुणी म्हणेल की चाहत्यांना हसू नका, संघ खरोखरच लपवाछपवी करतात. आक्षेप रास्त आहे. न्यू इंग्लंड संघाच्या यादीत क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा उजवा खांदा आठवड्यामागून आठवडे झळकत असे आणि ब्रेडी प्रत्येक सामना खेळत असे. यादीतला ‘बहुधा खेळेल’ हा वर्ग इतका निरर्थक झाला की 2016 साली लीगने तो काढूनच टाकला. क्वार्टरबॅक ब्रेट फार्वचे उदाहरण याच्या उलट आहे. 2008 साली एकोणचाळिशीतला फार्व जेट्सकडून खेळत होता. संघाने पहिल्या अकरापैकी आठ सामने जिंकले आणि शेवटच्या पाचांपैकी चार गमावले. त्या पाच सामन्यांत फार्वच्या गुण मिळवून देणाऱ्या टचडाउन फेकी दोन, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले चेंडू नऊ. दंडाचा स्नायू हाडाशी जोडणारी कंडरा फाटली होती आणि त्या काळातल्या यादीत तिचा पत्ता नव्हता. पुढे लीगने जेट्स आणि त्यांच्या माणसांना मिळून सव्वा लाख डॉलर दंड केला. म्हणजे ज्यांनी घरी बसून ‘हात गेलाय’ म्हटले, ते बरोबर ठरले.

पण पद्धत बरोबर ठरली का, हा प्रश्न वेगळा आणि त्यासाठी दुसरी पायरी पाहावी लागते. ही पायरी कुणी उघड सांगत नाही, पण पाळतात सगळे: खेळाडूकडे बघण्याआधी धावफलक बघावा. 2020 च्या मोसमात त्रेचाळीस वर्षांचा ब्रेडी टॅम्पा बेकडून खेळला. मोसमाअखेर त्याने कॅन्सस सिटीला 31-9 असे हरवून सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला. तो सगळा मोसम गुडघ्याचा स्नायुबंध फाटलेला असताना खेळला होता, हे जगाला 2021 च्या जुलैत कळले. विजयाच्या मिरवणुकीत गुडघ्याकडे कोण बघतो? क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सचेही तसेच. 2021 च्या नोव्हेंबरात त्याच्या पायाच्या बोटाविषयी इतके तर्क चालले, की त्याने पत्रकारांशी व्हिडिओवर बोलताना अनवाणी पाऊल कॅमेऱ्यासमोर धरले. बोट मोडलेले होते. त्या मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती त्याच रॉजर्सची. म्हणजे खरीखुरी दुखापत असूनही खेळ उत्तम चालू शकतो आणि तेव्हा चाहत्याला कुठलेही लक्षण दिसत नाही. त्याचे निदान शरीराचे नसतेच, ते निकालाचे असते.

मग हरल्यावर दुखापतच का आठवते, वय का नाही? इथे तिसरी पायरी येते: दोन रोगांपैकी बरा होणारा निवडावा. चेंडू आखूड पडणे, फेक उशिरा सुटणे, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणे, ही लक्षणे दोन्हींची सारखीच. फरक एवढाच की दुखापतीवर शस्त्रक्रिया आहे, चाळिशीवर नाही. फार्वची शस्त्रक्रिया झाली आणि 2009 साली मिनेसोटाकडून त्याने 33 टचडाउन फेकी केल्या. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या नशिबी ते नव्हते. 15 नोव्हेंबर 2015 ला त्याने कारकिर्दीत फेकींनी कापलेल्या एकूण यार्डांचा फार्वचा विक्रम मोडला. त्याच सामन्यात वीसपैकी पाच फेकी पूर्ण, चार चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे, आणि कोचने त्याला बाहेर बसवले. पायाची दुखापत खरी होती. वय एकोणचाळीस होते, तेही खरे होते. तो परत आला, सुपर बोलही जिंकला, पण त्या सामन्यात त्याच्या फेकींचे यार्ड फक्त 141. तारले ते बचावफळीने. मार्चमध्ये त्याने निवृत्ती घेतली. फार्व आणि मॅनिंग यांच्यातला फरक त्या-त्या रविवारी टीव्हीवर दिसणे अशक्य होते. तो पुढच्या वर्षानेच दाखवला.

शेवटचा आक्षेप असा, की यात कुणाचे काय बिघडते? चाहत्याने प्रेमापोटी तर्क केला तर करू द्यावा. जरूर करू द्यावा, पण त्याला प्रेमच म्हणावे, वैद्यक म्हणू नये. ‘त्याचा खांदा दुखत असणार’ याचा खरा अर्थ ‘तो म्हातारा होऊ नये’ इतकाच असतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्यांना तरीही निदानाचा सराव चालू ठेवायचा आहे, त्यांनी एकच शिस्त पाळावी. आपले निदान तारखेसह लिहून ठेवावे, आणि संघ हरलेल्या आठवड्यांइतकेच जिंकलेल्या आठवड्यांतही लिहावे. ज्याला जिंकलेल्या रविवारी खेळाडूचे लंगडणे दिसत नाही, त्याने हरलेल्या रविवारी डॉक्टर होऊ नये.