पुडीचं गणगोत

गोव्यात कुणीही भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: "खंयचो रे तूं?" गाव सांगितलं की वाडा, वाडा सांगितला की आजोबांचं नाव, आणि तिथवर पोचेपर्यंत विचारणाऱ्याची एखादी आतेबहीण आपल्या चुलत घरात दिलेली निघतेच. नातं लागलं की चहा येतो. नाही लागलं तरी येतो, पण सोबत बिस्किट नसतं. जपानहून आमच्याकडे आलेल्या फुरिकाकेच्या पुड्यांनाही ही चौकशी चुकली नाही.

फुरिकाके म्हणजे गरम भातावर भुरभुरायचं कोरडं तोंडीलावणं. तीळ, मीठ, किंचित साखर, नोरी नावाच्या वाळवलेल्या समुद्रशेवाळाचे काळेहिरवे तुकडे, सुक्या माशाचा कीस, कधी अंड्याचे पिवळे रवाळ कण. योकोहामात नोकरीला असलेला माझा भाचा मोपाला उतरला तो या पुड्या घेऊनच. "मामा, तिथे सगळे हेच खातात," असं तो म्हणाला. यावरून तो तिथे स्वयंपाक करत नाही हे त्याच्या आईने ताडलं. विमानतळ पेडणे तालुक्यात, तेव्हा पहिला मान पेडण्याचा. अर्ध्या पुड्या मोरजीच्या काकीकडे ठेवून उरलेल्या आम्ही डिचोलीला, माझ्या सासुरवाडीला नेल्या.

काकीच्या स्वयंपाकघराचं वर्ष मे महिन्यात सुरू होतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर धक्क्याला, समुद्र खवळलेला. म्हणून पावसाआधी पुरुमेंत भरायचं: खारे बांगडे, सुकी सुंगटं, गालमो म्हणजे तुमचा जवळा, सोलं, चिंच, मिरच्या. मग आषाढात बाहेर धो धो कोसळत असताना सकाळी उकड्या तांदळाची पेज, आणि तिच्याबरोबर किसमूर. सुकी सुंगटं तव्यावर कुरकुरीत भाजून चुरायची, त्यात ओलं खोबरं, कांदा, मिरची, चिंचेचा कोळ. किसमूर केल्याचं शेजाऱ्यांना सांगावं लागत नाही. तवा तापला की वाड्याला कळतं.

अशा बाईसमोर भाच्याने कात्सुओची पुडी फोडली. कात्सुओ हा ट्यूनाच्या कुळातला मासा, आपल्या कुप्याचा भाऊबंद. तो उकडतात, काटे काढतात, दिवसच्या दिवस धुरी देऊन वाळवतात, उंची मालावर तर मुद्दाम बुरशी चढवतात. शेवटी तो इतका टणक होतो की सुरी चालत नाही, रंधा लावून किसावा लागतो. काकीने हे सगळं ऐकून घेतलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"गालमो," ती म्हणाली. "पूण भियेल्लो."

भ्यालेला गालमो! त्या चवीचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. माशाची चव आहे, धुराची आहे, मागून सोया सॉसचा गोडसर खारटपणाही येतो. पण सगळं कसं परवानगी मागून. भाच्याने मग विज्ञान काढलं. 1908 साली तोक्योच्या इकेदा किकुनाए या प्राध्यापकाने कोंबू शेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं, ही तीच चव, वगैरे. काकी म्हणाली, "खोबरें घाल, मागीर उलय."

खोबरं नव्हतं, पेज होती. पण जपानी तांदूळ आखूड आणि चिकट, त्याला भुरभुरलेलं काहीही धरून राहतं. आमचं उकडं शीत जाडं, गुळगुळीत आणि कुणाला चिकटून न घेणारं. त्यातून पेजेत पाणी. तीळ तळाला गेले आणि नोरी वर तरंगायला लागली, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तळ्यात पत्री तरंगते तशी. काकीने ती चमच्याने वेचून बाहेर काढली. मांजराने मात्र गाव न विचारता चाटून संपवली.

डिचोलीला पोचलो तो सोमवार. सोमवारी सासूबाईंकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. कात्सुओच्या पुडीवर माशाचं चित्र होतं, ती दारातच बाद झाली. नोरीच्या पुडीवर चित्र नव्हतं म्हणून त्यांनी ती हातात घेतली, तर भाच्याने मोबाईल धरून जपानी अक्षरं वाचली आणि आत बोनिटोचा, म्हणजे कात्सुओचाच, अर्क निघाला. जपानात मासा असा कुठेही निघतो; शाकाहारी दिसणाऱ्या गोष्टीवर तिथे विश्वास टाकू नये. उरला गोमाशिओ. काळे तीळ आणि मीठ, बाकी काही नाही, शंभर टक्के शिवराक. भाच्याने उत्साहाने वाटीने भाताची मूद पाडली आणि वर काळे तीळ पेरले.

पंगतीत एकदम शांतता. सासऱ्यांनी आपलं पान हळूच दोन बोटं मागे घेतलं.

"बाबा," सासूबाई भाच्याला समजुतीने म्हणाल्या, "हे आमच्याकडे जेवणाऱ्याला वाढत नाहीत. ज्याच्यासाठी वाढतात तो येत नाही, कावळा येतो."

जपानात मंगलप्रसंगी लाल चवळीवजा कडधान्य घालून सेकिहान नावाचा भात करतात आणि त्यावर हेच काळे तीळ नि मीठ पेरतात, असं भाचा सांगत राहिला. कुणी ऐकलं नाही. मूद उचलून मागीलदारी ठेवली गेली आणि कावळ्याने विनातक्रार खाल्ली, म्हणजे पूर्वजांपैकी कुणाला तरी जपानी चव पटली म्हणायची.

मंगळवारी वासाबीची पुडी. सासूबाईंनी घास घेतला, क्षणभर थांबल्या, नाक धरलं आणि डोळ्यांतून पाणी येत असतानाच निदान केलं: "मोहरी!" बरोबर होतं. वासाबीचा आणि मोहरीचा झणका एकाच रसायनाचा, त्याचं नाव अलिल आयसोथायोसायनेट. मिरची जिभेवर बसते, हे थेट नाकात चढतं. लोणच्याची मोहरी आयुष्यभर फेसलेल्या बाईला प्रयोगशाळा कशाला हवी? वासाबीला माहेरच्या बाजूने नातं लागलं.

मला स्वतःला आवडली ती जांभळी पुडी, युकारी. उमे नावाची आंबट फळं खारवतात तेव्हा रंगासाठी तांबड्या शिसोची पानं घालतात. तीच नंतर वाळवून भुकटी करतात. खारट, आंबट, आणि शेवटी कुठेतरी तुळशीच्या वळणाचा वास. मऊ भात, वर तूप आणि ही भुकटी: सोलकढी नसेल त्या दिवशी चालेल. अंडं-नोरीची पुडी मात्र मला सोसली नाही. 1960 पासून जपानी मुलं ती आवडीने खातात म्हणे, पण गोड अंडं आम्ही फक्त केकमध्ये खपवून घेतो.

या सगळ्याचा उगम कुमामोतोच्या योशिमारू सुएकिची या औषधविक्रेत्याकडे सांगतात. शंभरेक वर्षांपूर्वी लोकांच्या आहारात कॅल्शियम कमी म्हणून त्याने माशांचे काटे दळले, त्यात तीळ, खसखस, नोरी घातली आणि ते भातावर टाकायला दिलं. हे ऐकल्यावर सासूबाईंचा चेहरा निवळला. "औषधवाल्याने काढलं होय! मग मेतकूटच ते. आधी सांगायचं." आजाऱ्याच्या भाताशी नातं लागलं आणि पुड्या फडताळात, मेतकुटाच्या बरणीशेजारी गेल्या.

सासरे एवढा वेळ गप्प होते. जन्म खाणीवर गेला त्यांचा. डिचोलीचं लोहखनिज सारमानसच्या धक्क्यावर बार्जमध्ये चढायचं, मांडवीतून मुरगावला जायचं आणि तिथून बोटीने जपानला. वर्षानुवर्षं मोठं गिऱ्हाईक जपानच. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. त्यांनी युकारीची पुडी हातात घेतली, तळहातावर तोलली आणि हिशेब मांडला: "आम्ही डोंगर पाठवले. त्यांनी ही पाठवली."

भाचा परत निघताना पुढच्या खेपेच्या मागण्या आल्या. काकीला पुड्या नकोत, पण झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बाटल्या हव्यात, गालमो ठेवायला. सासूबाईंना मोहरीवाली हवी, तिळाची घरात आणायची नाही. सासऱ्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "टोयोटा आण एक. लोखंड आमचंच आहे, घडणावळ काय ती देऊ."