कासवाचा रहिवासी दाखला

महादेवाच्या देवळात आपण नंदीला आणि कासवाला हात लावतो, आणि मग गाभाऱ्याकडे वळतो. ते कासव दगडाचं असतं म्हणून पुजारी निर्धास्त. जिवंत असतं तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुजाऱ्यालाच आत घेतलं असतं, आणि गाभाऱ्यात नव्हे.

आपलं कासवप्रेम तसं जुनं, पण बहुतांशी निर्जीव. टेबलावर काचेचं, बोटात चांदीचं, गल्ल्याशेजारी पाण्याच्या ताटलीत पितळेचं. जिवंतच हवं असेल तर माशांच्या दुकानात जायचं. तिथे रुपयाएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा ओढलेलं पिल्लू मिळतं. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. ते वाढतं, एवढी एकच गोष्ट दुकानदार सांगायची विसरतो. वाढत वाढत फूटभर झालं की घरात भूतदया जागी होते आणि एखाद्या संध्याकाळी पिशवीतून त्याची जवळच्या तलावाकडे पाठवणी होते. मग ते तलावातल्या मूळच्या कासवांच्या खाण्यावर आणि उन्हाच्या दगडांवर हक्क सांगतं. जगातल्या शंभर महाउपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ सालीच त्याची आयात बंद केली.

आता इथल्या कासवाचं पाहा. आमच्या ओळखीतल्या एका आजींच्या परसात विहीर आहे आणि विहिरीत मऊ पाठीचं एक कासव. किडेमकोडे खाऊन पाणी स्वच्छ ठेवतं म्हणून विहिरीत कासव सोडायची आपल्याकडची जुनी रीत. आजींचा नातू कायद्याच्या पहिल्या वर्षाला गेला आणि दिवाळीच्या सुटीत जाहीर करता झाला, “आजी, हा गुन्हा आहे.”

“कुणाचा?” आजी म्हणाल्या, “त्या बिचाऱ्याने काय केलंय?”

नातू म्हणाला ते खरं होतं. हे कासव अनुसूची एकमध्ये, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिक्षा तीन ते सात वर्षं, वर किमान पंचवीस हजार रुपये दंड. हा कडकपणा उगाच आलेला नाही. पाठीवर चांदण्या असलेली आपली कोरड्या रानातली कासवं पिशव्यांत कोंबून विमानाने परदेशी जातात. वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो असं मानणारे इसम आजही पोलिसांना सापडतात, पाऊस मात्र अजून सापडलेला नाही. २०२२च्या दुरुस्तीने चांदण्यांच्या कासवालाही अनुसूची एकमध्ये बसवलं, ते योग्यच झालं. पण तस्कर आणि आजी यांच्यासाठी एकच कलम असावं, हे काही मनाला पटत नाही.

“वनखात्याला सांगून टाकू,” असं कुणी म्हणेल. पण सांगणं म्हणजे आपणच आपली वर्दी देणं. मालकीचं प्रमाणपत्र असेल तर २०२२च्या दुरुस्तीनुसार प्राणी सरकारजमा करता येतो. आजींकडे रेशनकार्ड आहे, कासवाचं प्रमाणपत्र नाही. मग घाबरलेली माणसं रात्रीतून कासव कुठेतरी सोडून येतात. चांदण्यांचं कासव तर भाविकपणे तळ्यात सोडतात, आणि पोहता न येणारं ते जमिनीवरचं कासव पुण्याच्या भाराने बुडतं.

सरकारला मधला रस्ता माहीत नाही असंही नाही. २००३ साली घरातले वन्यप्राणी आणि शिकारीच्या वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती, ती केव्हाच सरली. २०२० साली परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना सांगितलं, सहा महिन्यांत स्वतःहून कळवा, कागद मागणार नाही. म्हणजे परदेशातून आलेल्यांना अभय, आणि चार पिढ्या इथल्या विहिरीत राहिलेल्याला नोटीस.

माणसांच्या सहवासात कासवाचं वाटोळंच होतं, असंही नाही. आसामात हाजो इथे हयग्रीव माधवाचं मंदिर आहे. काळ्या मऊ पाठीचं कासव २००२ साली निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा ते अशा देवळांच्या तळ्यांत भाविकांनी टाकलेलं खाऊन सुखाने जगत होतं. पुढे ते नदीतही आढळलं, पण मधल्या काळात त्याला देवानेच सांभाळलं, आणि देवाकडेही परवाना नव्हता.

म्हणून मागणं छोटं आहे. पाळण्याची मोकळीक नको, नाहीतर उद्या तस्करही आजींचा नातू म्हणून उभा राहील. एकदाच, ठरावीक मुदतीसाठी नोंदणीची खिडकी उघडा. विक्री नाही, पैदास नाही, नवं कासव नाही. कासवाचा फोटो आणि माप घ्या, वर्षातून एकदा वनरक्षकाला चहाला पाठवा. ज्यांना सांभाळणं झेपत नाही, त्यांना निर्भयपणे कासव आणून देता येईल असं एक ठिकाण जिल्ह्यात ठेवा. आणि माशांच्या दुकानातल्या त्या लाल पट्ट्याच्या पाहुण्याचीही जरा चौकशी करा.

नातवाने नमुन्यादाखल एक अर्ज तयार केला आहे. त्यात ‘प्राणी कोठून खरेदी केला?’ असा रकाना आहे. आजींनी तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, “विकत घ्यायला ती काय वांगी आहेत? विहिरीला पाणी लागलं तेव्हा मामंजींनी सोडलं.” सरकारने तेवढा एक रकाना बदलावा. कासव विहिरीत कोणी सोडलं, असं विचारावं, आणि उत्तरादाखल ‘मामंजींनी’ एवढं लिहिलेलं ग्राह्य धरावं.