जागा सांगणारे तात्या

मराठी वाचकाची झाशी किल्ल्यात सुरू होते आणि राणीचा घोडा तटावरून उडी घेतो तिथे संपते. त्यानंतरही झाशीत मराठी माणसं राहिली, शिकली, रेल्वेत लागली, निवृत्त झाली आणि गल्लीला सल्ले देऊ लागली, हे पाठ्यपुस्तकात येत नाही. या शेवटच्या वर्गाचे आमच्या खंडेराव गेटाकडचे प्रमुख म्हणजे तात्या. झाशीच्या मदतीला मोठी फौज घेऊन एक तात्या १८५८ सालीही आले होते. १ एप्रिलला बेतव्याच्या काठी त्यांचा पराभव झाला. आमच्या तात्यांचा पराभव अजून कुणाला जमलेला नाही.

तात्यांचा विषय एकच : कुठली वस्तू कुठे ठेवावी. ती वस्तू वापरणार कोण, कशी, कधी, हे त्यांच्या लेखी खालच्या खात्याचं काम. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात नकाशाच्या टेबलाशी सगळी नोकरी गेली, त्यामुळे कागदावर रेघ ओढली की जगात भिंत उभी राहते अशी त्यांची पक्की समजूत आहे. खिशात मेजर टेप, पिशवीत पाणसळ आणि ओळंबा. भाजी आणायला निघाले तरी हे तिन्ही बरोबर. १८४२ साली ज्या मंदिरात राणीचं लग्न लागलं, त्या महाराष्ट्र गणेश मंदिरात लोक गणपतीचं दर्शन घेतात. तात्या चपलांच्या रांगेचं घेतात. कुणाच्या घरी लग्न असो, मुंज असो, तात्या अक्षता टाकण्याआधी मांडवाचा खांब हलवून बघतात आणि म्हणतात, “हा हातभर इकडे हवा होता.” खांब हलत नाही. तात्याही हलत नाहीत.

अशा माणसाच्या शेजारी कोणी कोंबड्या पाळाव्यात का? पण शेजारच्या सूनबाईंनी पाळल्या. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं. लहानपण डालग्यात कोंबड्या झाकण्यात गेलेलं. झाशीच्या सासरी अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, म्हणून मागच्या अंगणात लिंबाखाली सहा तलंगांसाठी छोटं खुराडं उभं राहिलं. तलंगा पाच महिन्यांच्या होत आल्या, तुरे लाल व्हायला लागले, म्हणजे अंड्यावर येण्याची वेळ झाली. सुताराकडून दोन पेट्या करून घेतल्या : फूटभर लांब, फूटभर रुंद, तेवढ्याच उंच, आणि भुसा बाहेर सांडू नये म्हणून पुढे चार बोटांची फळी. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते, हा हिशोब सूनबाईंना ठाऊक होता. प्रश्न एवढाच उरला की पेट्या ठेवायच्या कुठे. हा प्रश्न त्यांनी मोठ्याने विचारला, ही चूक. कुंपणापलीकडून टेप उघडल्याचा आवाज आला.

“थांबा सूनबाई. हात लावू नका. मी येतो.”

तात्यांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. मात्र ते कुठे पडावं यावर त्यांचा अभ्यास दांडगा. आल्या आल्या त्यांनी कोंबड्यांची चौकशी केली. या जातीला कारी निर्भीक म्हणतात, बरेलीच्या इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे तिथे असीलवरून ही तयार केली, हे सूनबाईंनी सांगितलं. तात्या म्हणाले, “कडकनाथ घ्यायला हवा होता. झाबुआचा. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय.” मग कोंबड्यांकडे पाठ करून त्यांनी भिंती मोजायला घेतल्या.

पहिली जागा निघाली ईशान्येला. ईशान्य शुभ. खुराड्याचं दारही तिथेच, दाण्याचं भांडंही तिथेच, आणि सकाळचं ऊन थेट आत. कोंबडीला अंडं घालताना एकांत लागतो, अंधार लागतो. सहाजणी दाण्यासाठी धक्काबुक्की करत असताना कुणी शांतपणे पेटीत बसेल ही अपेक्षा फार झाली. “तात्या, आमच्याकडे आजी कोपऱ्यात काळोखात पाटी ठेवायची,” सूनबाई म्हणाल्या. तात्या पाणसळीतला बुडबुडा बघत होते. बुडबुडा मधोमध होता. विषय संपला.

तिथे कोंबड्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हा पेट्या वर गेल्या. अगदी पत्र्याखाली, बसायच्या दांडीच्याही वर. “अंडं म्हणजे उत्पादन. उत्पादन जमिनीलगत ठेवत नाहीत.” कोंबडीचा मात्र एक जुना नियम आहे : रात्री जी सगळ्यात उंच जागा, ती झोपायची. संध्याकाळी सहाही जणी दांडी सोडून पेट्यांत आणि पेट्यांवर जाऊन बसल्या. कोंबडी झोपेतही शिटते. सकाळी पेट्यांची जी अवस्था होती ती पाहून तात्यांनी धोतराचा सोगा नाकाला लावला आणि म्हणाले, “यांना शिस्त नाही.” पेटी दांडीपेक्षा खाली असावी आणि तिच्यावर उतरतं छप्पर घालावं, म्हणजे कुणाला वर बसता येत नाही, एवढ्यावर हे भागलं असतं. पण ती सूचना सूनबाईंची होती, म्हणून तिला क्रमांक मिळाला नाही.

तिसरी जागा पश्चिमेच्या भिंतीची. वैशाख लागला होता. झाशीत या दिवसांत पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पश्चिमेची वीट दिवसभर प्यालेलं ऊन रात्री दहापर्यंत परत करत राहते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, कवचाला लागणारा माल कमी पडतो आणि अंडं पातळ सालीचं होतं. त्या पेटीत एक भाबडी तलंग बसली. तिचं पहिलं अंडं उचलताना सूनबाईंच्या बोटात फुटलं. तात्यांनी दोष भुशाला दिला.

मग सुताराला पुन्हा बोलावणं गेलं. तिसऱ्यांदा खिळे काढताना त्याने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि बुंदेलीत म्हणाला, “दद्दा, एक बेर मुर्गियन सें सोई पूँछ लेओ.”

“कोंबडीला काय कळतं?” तात्या म्हणाले.

कोंबडीला आधी पडलेलं अंडं कळतं. जिथे एक अंडं दिसेल ती जागा सुरक्षित, असं ती धरून चालते. म्हणून पेटीत खोटं अंडं ठेवायची रीत आहे. सूनबाईंनी संगमरवराचं अंडं मागवते म्हटलं. तात्यांना खर्च पटेना. ध्यानचंदांच्या गावात पांढरं आणि गोल असं जे सहज मिळतं तेच ते घेऊन आले : हॉकीचा चेंडू. कोंबडीने तो दोनदा चोचीने ठोकला, मान वाकडी करून तात्यांकडे पाहिलं आणि ती बाहेर चालू पडली.

दुसऱ्या दिवसापासून अंडी बंद. चारपाच दिवस सूनबाई खुराडं धुंडाळत होत्या. शेवटी घरातल्या पोराने वर्दी आणली, “आई, पुराने कूलर में!” लिंबाच्या मागे, उत्तरेच्या सावलीत, पंप जळालेला जुना लोखंडी कूलर पडला होता. तीन बाजूंनी बंद, आत काळोख, जमिनीपासून वीतभर उंच, तळाला जाळीतून गळालेल्या वाळक्या गवताची गादी. तिथे सात अंडी, आणि त्यांच्यावर एक निर्भीक बसलेली. चांगल्या पेटीचे जेवढे गुण कुठल्याही जाणकाराने सांगितले असते, तेवढे त्या भंगारात होते.

तात्यांना बोलावलं. ते आले, वाकले, आत टेप घातली, कोंबडीने टेपेला टोच मारली.

“हा कूलर इथे ठेवायला कुणी सांगितलं होतं?”

सूनबाई गप्प राहिल्या, कारण गेल्या भाद्रपदात तो तिथे ठेवायला तात्यांनीच लावलं होतं.

“मी!” तात्या म्हणाले. “मी म्हणत नव्हतो?”

तेव्हापासून ते कोंबड्यांचं वेळापत्रकही ठेवतात. एका अंड्यापासून दुसऱ्या अंड्यापर्यंत साधारण चोवीस ते सव्वीस तास जातात, त्यामुळे आज सातला घातलं तर उद्या आठच्या सुमाराला, परवा आणखी उशिरा, आणि दुपार टळायला लागली की एक दिवस खाडा. तात्यांनी उभं आयुष्य रेल्वेत गेलेल्या माणसाच्या शांतपणाने हे स्वीकारलं : गाडी रोज तासभर लेट, मग एक दिवस रद्द. फक्त खाड्याच्या दिवशी ते कोंबडीकडे खुलासा मागतात.

तुमच्याही गल्लीत तात्या असतील. खुराडं करणार असाल तर पेट्या दांडीच्या खाली, जमिनीपासून फूट-दीड फुटावर, दारापासून आणि पश्चिमेच्या उन्हापासून लांब, काळोख्या कोपऱ्यात ठेवा. अंडी बाहेरून काढता येतील असं मागे झाकण करा. पहिल्या दिवशीच आत एक खोटं अंडं टाका. हे सगळं झालं की मग तात्यांना बोलवा. त्यांच्या हातात टेपेचं एक टोक द्या, चहा द्या आणि सांगा, “तुम्ही म्हणाला होतात तिथेच ठेवल्यात.” ते लगेच मान डोलावतील. आपण काय म्हणालो होतो हे त्यांना कधीच आठवत नाही, आणि आपण बरोबर होतो हे ते कधीच विसरत नाहीत.