सेल्फ आणि स्वयंभू

कल्याण स्टेशनाबाहेरच्या पार्किंगमध्ये रात्री साडेनऊला एखाद्या मोटारसायकलचा सेल्फ लागेना, की तिसऱ्या ‘कट’ला स्वयंभू तज्ज्ञ प्रकट होतो. खांद्याला डब्याची बॅग, हातात मेथीची जुडी. “चोक दिलास का?” हा पहिला प्रश्न. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे प्रदूषण-निकष सक्तीचे झाले आणि बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटरबरोबर चोकही गेला, हे त्याच्या कानावर घालून उपयोग नसतो. मग “प्लग पूस” आणि शेवटी “जरा आडवी कर”. हे ज्ञान चेतकच्या जमान्यातलं. ती स्कूटर आडवी केल्यावर चालू व्हायची, म्हणून त्याला खोटंही पाडता येत नाही. त्याची चूक वेगळीच आहे. इंजिन का पेटत नाही, याचं उत्तर तो देतो. गाडीचा प्रश्न असतो, इंजिन फिरत का नाही. प्लगचा नंबर फिरल्यानंतर लागतो. तोवर तो कोरा असला काय नि काजळलेला असला काय!

न फिरण्याचं कारण आधी कानाला कळतं. नुसतं कट-कट वाजत असेल तर रिले जागा आहे, बॅटरीत दम नाही. किंवा टर्मिनल सैल झालंय, त्यावर पांढरी-हिरवी पूड चढलीय. उभ्या गाडीत साडेबारा व्होल्ट दाखवणारी बॅटरी बटण दाबताच नवाखाली कोसळते आणि मीटरचे दिवे मान टाकतात. काहीच वाजत नसेल तर लाल किल-स्विच, फ्यूज, साइड स्टँड, क्लचचा स्विच. पार्किंगमध्ये गाड्या सरकवताना कुणाचा तरी हात त्या लाल बटणाला लागलेला असतो. मेकॅनिकही हेच बघतो, फक्त आधी गप्प राहून ऐकतो. स्वयंभूला ते जमत नाही, कारण त्या कट-कटीवर तोच बोलत असतो.

त्यात बॅटरी उतरणं हा कल्याणकरांचा खास आजार आहे. खडकपाड्याहून स्टेशन दोन-तीन किलोमीटर, त्यात शिवाजी चौकातला खोळंबा, मग गाडी बारा तास उभी. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट बंदच करता येत नाही. सेल्फने सकाळी घेतलेली उधारी एवढ्याशा वाटेत फिटत नाही. रविवारी मुरबाड रस्त्याने माळशेजपर्यंत जाऊन आलं, तर बॅटरी तरतरीत होते. पण रविवारी माणूसच चार्जिंगला लागलेला असतो.

कुणी म्हणेल, निदान तो थांबतो तरी. बाकीचे रिक्षाच्या रांगेकडे पळतात. अगदी खरं. त्याचा धक्काही थोतांड नाही. दुसरा गिअर, क्लच दाबून पळवायची, वेग आला की सोडायचा. बॅटरी अर्धमेली असली तरी इंजिन फिरतं. बॅटरी पार मेली असेल, तर मात्र फ्युएल पंपाला वीज मिळत नाही आणि इंजेक्शनची गाडी बहुधा ढिम्म राहते. गिअर नसलेल्या स्कूटरला तर धक्का देण्यात अर्थच नाही, तिचा क्लच इंजिन फिरल्यावर धरतो. पण मेथी बगलेत मारून, घामाघूम होत, तिलाही तो फाटकापर्यंत ढकलतो आणि मागून ओरडतो, “सेकंडला टाक, सेकंडला!”