चेरीवाले काका

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. जिथे गांधीजींचं सेवाग्राम आणि विनोबांचं पवनार, तिथे बार नको, असा सरळ हिशोब. तेव्हापासून तहानलेला माणूस पुलगावचा पूल ओलांडून अमरावती जिल्ह्यात जातो, नाहीतर नागपुरात त्याचं काहीतरी काम निघतं. पण तो आपला विषय नाही. तो पितो आणि गप्प बसतो. आपला विषय आहे न पिता बोलणारा. ओल्या जिल्ह्यात या जातीचा निभाव लागत नाही, कारण तिथे कुणीतरी खरंच बाटली आणून पुढ्यात ठेवील. वर्ध्यात ती भीती नाही.

प्रत्येक कॉलनीत असा एक सापडतो. सरकारी नोकरीतून निवृत्त, मुलगा परदेशात, आणि सुनेच्या बाळंतपणाला तीन महिने जाऊन आलेला. बाळंतपण काकू करतात, काका अनुभवसंपन्न होतात. आमच्या काकांचा मुलगा ब्रुसेल्सला निघाला, म्हणून आमच्या नशिबी क्रीक आली. मुलगा न्यू जर्सीला असता तर पिझ्झ्यावर भागलं असतं.

क्रीक म्हणजे चेरी घातलेली आंबट बिअर. "आंबट म्हणजे नासलेली नाई, राजेहो," हे पहिलं वाक्य. मग कृती. गहू आणि मोड आणून वाळवलेले जव यांचा काढा उकळायचा आणि छताखाली, रुंद उथळ कढईत रात्रभर उघडा ठेवायचा. विरजण लावायचं नाही; हवेतल्या जंगली यीस्टनं आपल्या पायानं यायचं. हा कार्यक्रम ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच, कारण उन्हाळ्यात भलतेच पाहुणे शिरतात. मग लाकडी पिंपात वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. ही झाली लँबिक. तिच्यात आंबट चेऱ्या मुरल्या की क्रीक. कँटिलॉन ही तिथली १९०० सालची घरगुती भट्टी. तिथे कोळ्यांची जाळी झाडत नाहीत, कारण फळांवर येणाऱ्या माश्या कोळी खातात.

हे शेवटचं ज्ञान काकांनी हॉलमध्ये लागू करून पाहिलं. काकूंनी झाडू उगारला तसे ते आडवे आले. काकू म्हणाल्या, "तिथं चेऱ्या होत्या. इथं तुमचे मोजे हायेत." जाळं गेलं.

एवढ्या ज्ञानाचा सराव कशावर करायचा? ताकावर. काका ताक दांड्याच्या काचेच्या पेल्यात घेतात, ट्यूबलाइटसमोर धरतात, गरगर फिरवतात, नाक खुपसतात, घोट जिभेवर लोळवतात. श्रोते गिळायची वाट पाहतात. "आधी लिंबाची साल येते. मग ओलं लाकूड. अन् शेवटी जुन्या तळघराची आठवण."

"काल फ्रिज बंद होता," स्वयंपाकघरातून आवाज.

काका डगमगत नाहीत. क्रीकबरोबर गोरसपाक उत्तम जाईल, असं ते छातीठोक सांगतात. गोरसपाक हा वर्ध्याचा मानबिंदू. गोसेवेच्या चळवळीतून पुढे आलेल्या, गाईच्या तुपातल्या त्या सात्त्विक जिनसेला असा जोडीदार सुचवायला छातीच लागते. (चव जमेल, असं मलाही वाटतं. पण मी वर्ध्यात राहतो.)

त्यांचा खरा सिद्धांत मात्र नीरेचा. गांधीजींनी नीरा आणि ताडगुळाचा जोरदार पुरस्कार केला. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला तोही इथेच, वर्ध्यात. नीरा उन्हं चढायच्या आत प्यायची. उशीर केला की हवेतलं यीस्ट कामाला लागतं आणि तिची ताडी होते, कुणी काही न घालता. "मंग हे लँबिकच झालं ना!" काका मांडीवर थाप मारतात. "बापूजी अन् बेल्जियम, फरक फक्त तीन तासाचा!"

एके दिवशी हा सिद्धांत चालू असताना कोपऱ्यात खादीतले एक वृद्ध गुरुजी बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "त्या तीन तासांपायीच आमचा जन्म गेला, बाप्पा."

काकांचा चष्मा पुसण्याचा कार्यक्रम बराच वेळ चालला.

पुराव्यादाखल घरात एक रिकामी बाटली आहे, बुचावर तारेची जाळी असलेली. कोरड्या जिल्ह्यात रिकामी बाटली शोकेसमध्ये ठेवणं म्हणजे पाहुण्यांपुढे प्रतिष्ठा आणि शेजाऱ्यांपुढे संशय. काकूंनी तोडगा काढला, तिच्यात मनी प्लांट लावला. आता काका पानं बाजूला सारून लेबल वाचून दाखवतात. आत होतं त्यातलं किती स्वतः प्यायले, हा प्रश्न मुलाच्या व्हिडिओ कॉलवर एकदा निघाला होता, तेव्हा नेमकं नेटवर्क गेलं.

यंदाच्या पोळ्याला कळस झाला. लँबिकमधल्या ब्रेट नावाच्या जंगली यीस्टला एक खास वास असतो. युरोपातले जाणकार त्याला घोड्याच्या अंगावरच्या घोंगडीचा वास म्हणतात, आणि तो दोष नव्हे, गुण धरतात. घोड्याची घोंगडी वर्ध्यात कुठून आणायची? पण पोळ्याला बैल सजून रांगेत उभे होते, अंगावर झुली. तोरणाखालची गर्दी सारून काका एका पांढऱ्याशुभ्र बैलापाशी गेले, झुलीचं टोक उचललं, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला.

"हेच! हेच ते!"

बैलानं मान वळवून पाहिलं. शेतकऱ्यानं कासरा आवळला, काकांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "काका, बैल विकाचा नाई आपल्याले. अन् घ्याचाच असंन तं दात पायतेत, असा वास नाई घेत."