अप्पा अँब्युलन्सवाले

दिवा पूर्वेच्या आमच्या चाळीत आजोबांची ओळख 'अप्पा अँब्युलन्सवाले' अशी होती. दोष त्यांचाच. बिऱ्हाड मांडलं त्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "मिलिट्रीत कशात होता?" अप्पा म्हणाले, "फील्ड अँब्युलन्समध्ये." झालं! तेव्हापासून रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत कळ आली, की आमची कडी वाजायची. "अप्पा, गाडी काढा!"

आमच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. फील्ड अँब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे. डॉक्टर, नर्सिंग असिस्टंट, स्ट्रेचरवाले अशी आघाडीमागे जखमींना सांभाळणारी अख्खी तुकडी असते, हे अप्पा शर्टाची बटणं लावत समजावून सांगायचे. पण सांगता सांगता पेशंटच्या घरी पोचलेलेही असायचे. मग ऐकणार कोण?

अप्पा आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. १९६६ला भरती झाले, १९८६ला हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले. सोबत आली ती काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव लिहिलेली. दहा बाय दहाच्या खोलीत ती दिवसा बाक, संध्याकाळी माझं अभ्यासाचं टेबल आणि उन्हाळ्यात आजीच्या पापडांचं वाळवण. आत एनॅमलचा मग, कसरीने अर्धा फस्त केलेला स्वेटर, चिमटा, काचेचा थर्मामीटर आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सहा पदकं.

सहा पदकं म्हणजे सहा शत्रू, असा हिशेब मी शाळेत सांगून मोकळा झालो होतो. अप्पांनी घरी डबा उघडून हिशेब दुरुस्त केला. "हा पश्चिमी स्टार. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेला होतो म्हणून. हे संग्राम मेडल. त्या लढाईच्या काळात नोकरीत होतो म्हणून. हे स्वातंत्र्याच्या पंचविशीचं. १५ ऑगस्ट १९७२ला नोकरीत होतो म्हणून. हे नऊ वर्षं टिकलो म्हणून. हे वीस वर्षं टिकलो म्हणून. आणि हे सैन्य सेवा मेडल, वर 'हिमालय' लिहिलेली पट्टी. थंडीत होतो म्हणून."

"म्हणजे हजेरीपटच की हा!" आजी चुलीपाशी नसली तरी स्टोव्हपाशी होतीच. "हजेरी माझी पण लागलीय. चार पोरं, सासू आणि दोन म्हशी घेऊन गावी वीस वर्षं टिकले. माझं मेडल कुठाय?" अप्पांनी डबा बंद केला. माघार कधी घ्यावी हे त्यांना लष्करात शिकवलेलं होतं.

वेशभूषा स्पर्धेला आईने ती पदकं माझ्या छातीवर डावीकडे लावली. अप्पांनी काढून उजवीकडे लावली. "डावी बाजू ज्याने मिळवली त्याची. घरच्यांनी उजवीकडे लावायची." शाळेत बाईंनी 'चुकलंय' म्हणत ती परत डावीकडे नेली. एवढी ये-जा करूनही पहिला नंबर वांगं झालेल्या मुलाला मिळाला.

परीक्षेच्या दिवशी माझं पोट दुखायचं. अप्पा थर्मामीटर झटकून जिभेखाली ठेवायचे, पाऱ्याकडे बघायचे आणि निकाल द्यायचे, "एम अँड डी!" मेडिसिन अँड ड्यूटी. लष्करातल्या सिक रिपोर्टचा हा शेरा. गोळी घ्या आणि कामावर जा. मला गोळीही मिळायची नाही, ओवा मिळायचा.

स्वतःच्या पदकांबद्दल एका वाक्यात आटपणारे अप्पा ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचं नाव निघालं की थांबायचे नाहीत. कोरियाच्या युद्धात भारताने लढायला सैन्य धाडलं नाही, ही तुकडी धाडली, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. १९५०च्या डिसेंबरात प्योंगयांगमधून माघार सुरू झाली. औषधं आणि सामान न्यायला वाहनं नाहीत. या पठ्ठ्यांनी एक वाफेचं इंजिन शोधलं, बादल्यांनी हातोहात पाणी भरून बॉयलर चालू केला, सामान चढवलं आणि पूल उडवले जाण्याआधी गाडी दक्षिणेला काढली. अप्पा हे चाळीच्या टँकरच्या रांगेत सांगायचे. ऐकणाऱ्यांना बादल्या कळायच्या, आत शिरायला जागा नसलेली गाडी तर दिवेकरांना जन्मापासून कळते. फक्त शेवटी कुणीतरी विचारायचंच, "म्हणजे अप्पा, तुम्ही रेल्वेत पण होता?"

जखमी एकदम आले तर आधी कुणाकडे जायचं, असं मी एकदा विचारलं होतं. "ओरडतोय त्याच्यात दम आहे. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा." हा नियम घरातही चालायचा. चहासाठी ओरडणाऱ्याला चहा शेवटी मिळे. आजी तापाने दोन दिवस अबोल झाली, तेव्हा स्टोव्ह अप्पांनी पेटवला होता आणि उशापासून हलले नव्हते.

अप्पा गेले. चाळीच्या जागी इमारत झाली, ट्रंक माळ्यावर गेली. परवा सफाईत डबा निघाला, तेव्हा मुलाने विचारलं, "यातलं शौर्याचं कुठलं?" मी म्हटलं, "एकही नाही." आणि त्याला एकेक 'होतो म्हणून' सांगत बसलो. तुमच्याही माळ्यावर अशी ट्रंक असेल, तर ती गप्प पदकं आधी काढा. कडेला बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते चष्मा लावून वाचा. ब्रासो मात्र जोरात घासू नका. पदक चकाकेल, पण नाव झिजेल.