शेत दाखवा, मग खोली

पन्हाळा, आंबा, गगनबावडा, राधानगरी. कोल्हापुरातून डोंगराकडे जाणारा कुठलाही रस्ता धरा, दर दोन-चार वळणांनी पाटी दिसते: ॲग्रो टुरिझम, फार्म स्टे, मळा, शिवार, वाडा. पाट्या वाढल्या याचं मला वाईट वाटत नाही. पाहुणा आला, दोन पैसे गावात पडले, तर चांगलंच झालं. संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. यातल्या बऱ्याच ठिकाणी शेत नाही आणि शेतकरी तर औषधालाही सापडत नाही. पोकलेननं सपाट केलेलं टेकाड, त्यावर प्लास्टिकची हिरवळ, पोहायचा तलाव, दारात रंगवलेली बैलगाडी. गाडी ओढायला बैल नाही आणि बैलाला चारा पिकेल एवढी जमीन मोकळी ठेवलेली नाही. रात्रीच्या जेवणात पनीर बटर मसाला. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि त्याच आजऱ्याच्या वाटेवर पाहुण्याला बासमती वाढला जातो.

हा धंदा जगाला ज्यांनी शिकवला, त्यांच्याकडे एकदा नीट बघू. इटलीच्या नकाशातल्या बुटाची टाच म्हणजे पुलिया प्रांत. तिथल्या जुन्या शेतघरांना मॅसेरिया म्हणतात. जाड दगडी भिंती, काहींना बुरूज, कारण सोळाव्या शतकात समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांची भीती होती. आत मालक, गडी, जनावरं, धान्य आणि ऑलिव्हच्या तेलाचा घाणा, सगळं एका आवारात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली तरुण पोरं तुरीन-मिलानच्या कारखान्यांत गेली आणि घरं ओस पडायला लागली. आपल्या डोंगरी तालुक्यांतली पोरं गिरण्यांच्या काळात मुंबईला गेली, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. आज जगभरातले लोक त्या शेतघरांत राहायला जातात, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या खोल्यांत झोपतात आणि त्याच आवारातलं तेल पावाला लावून खातात.

हे आपोआप घडलं नाही. इटलीनं १९८५ मध्ये कृषिपर्यटनाचा कायदा केला आणि २००६ मध्ये त्याजागी नवा आणला, क्रमांक ९६. तो आपल्या प्रत्येक आमदारानं वाचावा असा आहे. पाहुणे ठेवण्याचा हक्क शेती करणाऱ्यालाच. शेती मुख्य आणि पाहुणचार जोडधंदा, आणि हे तपासायची पद्धतही ठरलेली: शेतात जाणारा वेळ पाहुण्यांमागे जाणाऱ्या वेळेपेक्षा जास्त असला पाहिजे. दहापर्यंत पाहुणे ठेवणाऱ्या लहान शेतकऱ्याला ही मोजणी माफ, त्याची शेती मुख्यच धरली जाते. ताटात आपल्या आणि आसपासच्या शेतातलं वाढायचं. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती अट: पाहुण्यांसाठी वापरायच्या त्या शेतावर आधीपासून उभ्या असलेल्या इमारती. एवढ्या एका वाक्यामुळे पडायला आलेल्या घरावर कौलं चढवण्यात शेतकऱ्याचा फायदा झाला.

आपल्याकडे हा विचार उशिरा आला असंही नाही. बारामतीच्या बाजूला पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषिपर्यटनाची पायवाट पाडली. राज्य सरकारचं धोरण २०२० मध्ये आलं. शेतकरी, कृषी सहकारी संस्था, शेतकरी कंपन्या, कृषी महाविद्यालयं, सगळ्यांना त्यात दार उघडं आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, सातबारा जोडायचा. धोरण आलं हे चांगलं झालं. पण सातबाऱ्यावर नाव कुणाचं हे कागद सांगतो, चिखलात पाय कुणाचे हे सांगत नाही. कूळकायद्यानं बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून आधी कुठून तरी शेतकरी असल्याचा दाखला मिळवायचा, मग डोंगरउताराची जमीन घ्यायची आणि तिथं काँक्रीट ओतायचं. कोल्हापुरात हा प्रकार कुणाला माहीत नाही? सगळ्यांना माहीत आहे.

इटलीचे मी नुसते गोडवे गाणार नाही. जून २०२४ मध्ये जी-७ देशांची परिषद पुलियातच झाली, बोर्गो एग्नाझिया नावाच्या आलिशान रिसॉर्टवर. आपले पंतप्रधानही तिथं गेले होते. ते रिसॉर्ट म्हणजे जुन्या पुलियन गावासारखं दिसावं म्हणून या शतकात नव्यानं बांधलेलं गाव. गल्ल्या आहेत, चौक आहे, गावकरी नाहीत. ती परिषद संपल्यावर दोनच दिवसांनी रोमच्या दक्षिणेला लातिना भागातल्या शेतात एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून घरासमोर टाकून दिलं गेलं आणि तो मेला. इटलीभर मोर्चे निघाले. पर्यटकाला सुंदर दिसणारं शिवार कुणाच्या तरी घामावर उभं असतं आणि तो घाम अनेकदा परमुलखातून आलेल्या माणसाचा असतो.

आपल्या शिवारात तो माणूस बीडहून येतो. ऊसतोडीच्या हंगामात शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या रस्त्याकडेला त्यांच्या कोप्या पडतात. पाचटाच्या, ताडपत्रीच्या. पहाटेच्या थंडीत बाया तान्ही पोरं घेऊन फडात उतरतात. शेती बघायला आलेल्या पाहुण्याच्या गाडीला या कोप्या दिसू नयेत अशी वाट शोधणारा मालक शेती दाखवत नाही, तो लपवतो. ज्याच्या शेतावर येणाऱ्या ऊसतोडीच्या टोळीला प्यायचं स्वच्छ पाणी आणि बायांना संडास आहे, त्यानं बेशक पाहुणे बोलवावेत.

आता आपल्या घरातल्या ठेव्याकडे. कोल्हापूरला पाहुण्यांसाठी नवं काहीच बांधावं लागत नाही. आपल्याकडे गुऱ्हाळं आहेत. पुलियाच्या तेलाच्या घाण्याला तोडीस तोड काही असेल तर तेच. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू होतो. पहाटे चरकाला ऊस लागतो, रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडं धडधडतात. रस तापला की रानभेंडीचा रस घालून मळी वर आणतात आणि झाऱ्यानं काढतात. पुढं सगळं गुळव्यावर. पाक साधारण ११८ अंशांना उतरवायचा असतो, पण अनेक गुऱ्हाळांवर गुळव्याच्या हाताला थर्मामीटर लागत नाही. थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि हाक देतो. मग काहिल वाफ्यात रिती होते आणि थोड्या वेळात रवे भरले जातात. त्याआधीच काढली तर काकवी. टनभर उसामागे शंभर-सव्वाशे किलो गूळ, एवढ्यासाठी एवढी माणसं रात्र जागतात. गरम गुळात भाजलेले शेंगदाणे, काकवी-भाकरी, वर ताजा रस. असा नाश्ता कुठल्या पंचतारांकित हॉटेलात मिळतो ते मला दाखवा.

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाचा व्यापार वाढावा म्हणून. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि याच काळात गुऱ्हाळं धडाधड बंद पडत गेली. गुळवे मिळत नाहीत, साखर मिसळलेला पिवळाधमक गूळ बाजारात भाव पाडतो, ऊस कारखान्याला घालून मोकळं होणं सोपं जातं. मानांकनाचा कागद भिंतीवर आणि गुऱ्हाळाला कुलूप, अशी गावं आपल्या जिल्ह्यात आहेत. त्या गुऱ्हाळाशेजारची खोली नीट करून चार पाहुणे ठेवले तर हंगामाचे पाच महिने त्या चुलवाणाला आणखी एक आधार मिळेल.

हिशेब बघा. २०२५-२६ च्या हंगामाची उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. डोंगरावरच्या एखाद्या बऱ्या रिसॉर्टच्या एका रात्रीला पाहुणा याहून जास्त मोजतो. शेतकरी वर्षभर पाणी पाजून, खत घालून, कारखान्याच्या चिठ्ठीची वाट बघून जो टन घालतो, त्याच्या किमतीपेक्षा एक रात्र महाग. हा पैसा शेतकऱ्याच्या उंबऱ्यातून आत यायला हवा, आणि आत आल्यावर तो कुणाच्या हातात जातो हेही विचारायला हवं. पाहुण्यांसाठी पहाटे भाकऱ्या थापणार सून, पांढरा रस्सा ढवळणार सासू, आणि ऑनलाइन पैसे जमा होणार थोरल्याच्या खात्यात? ज्या घरात चुलीपुढच्या बाईला तिच्या कामाचे पैसे तिच्या खात्यात मिळत नाहीत, त्या घराच्या पाहुणचाराचं कौतुक मी करणार नाही.

घरांचं काय सांगू? सोपा, माजघर, परडं, बाजूला गोठा, सागवानी तुळया, नळीची कौलं. उन्हाळ्यात पंख्याशिवाय झोप लागेल अशी घरं आपल्या बापजाद्यांनी बांधली. २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत कितीतरी मातीच्या भिंती बसल्या. ज्यांनी नंतर स्लॅब टाकला त्यांना मी बोल लावत नाही, पाण्यात रात्र काढलेल्या माणसाला जुन्या घराचं महत्त्व सांगू नये. पण पूररेषेबाहेर, भुदरगड, आजरा, शाहूवाडीत शेकडो घरं धड उभी आहेत आणि कुलूपबंद आहेत. ती पडू द्यायची आणि दोन किलोमीटरवर सिमेंटच्या भिंतीला मातीचा रंग लावून त्याला वाडा म्हणायचं, हा पैशाचा आणि अकलेचा नाश आहे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखवल्या, मूळ गावाचं नाव न घेता. केवढा भडका उडाला आपल्याकडे! उडायलाच हवा होता. कंपनीला कोल्हापूरचं ऋण मान्य करावं लागलं, त्यांची माणसं इथं कारागिरांना भेटायला आली. मग आपल्याच डोंगरावर आपलीच माणसं आपल्याच घराची नक्कल विकतात, मूळ घरवाल्याला रखवालदार म्हणून दारात उभं करतात, तेव्हा आपण गप्प का बसतो?

पुलियानं आणखी एक धडा दिला आहे, तो कडू आहे. २०१३ मध्ये तिथल्या सालेंतो भागात झायलेला नावाच्या जिवाणूचा रोग सापडला आणि पुढच्या वर्षांत ऑलिव्हची लाखो झाडं उभी वाळली. काही शेकडो वर्षांची होती. हॉटेलवाल्यांना झाडं वाचवता येत नव्हती. तुटपुंज्या उत्पन्नावर नवी रोपं लावत बसला तो शेतकरीच. आपला ऊस उद्या पाण्यावाचून किंवा रोगानं अडचणीत आला, तर त्याला धरून कोण राहील? रिसॉर्टवाला नक्कीच नाही.

म्हणून सरकारकडे मागणी सरळ आहे. कृषिपर्यटनाच्या नोंदणीत दोन अटी घाला आणि वर्षातून एकदा जागेवर जाऊन तपासा: पाहुणा जुन्या, शेतावरच्याच घरात राहील आणि पाहुणचाराहून जास्त काम शेतात होईल. ज्यांना तलाव आणि हिरवळ विकायची आहे त्यांनी खुशाल विकावी, हॉटेल म्हणून, हॉटेलचे कर भरून.

आणि पुण्या-मुंबईच्या, तसंच आमच्या शाहूपुरी-ताराबाई पार्कातल्या वाचकांनो, यंदा हिवाळ्यात खोली बुक करायच्या आधी फोनवर एवढं विचारा: शेतात सध्या काय उभं आहे, तांदूळ कुठला शिजतो आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला पगार किती? उत्तर द्यायला मालक अडखळला तर फोन ठेवा आणि दुसऱ्याला लावा. खरे शेतकरी आहेत, ते फोन उचलतात आणि "जेवूनच जावा" म्हणतात. त्यांच्याकडे जा, पूर्ण पैसे द्या, घासाघीस करू नका.